काचेला फिल्म घरीच लावायची आहे, ताई

होळी जवळ आली की पत्रांचा रोख बदलतो. थंडीत बॅटरी आणि पहाटे चालू न होणारी गाडी, आता सगळ्यांना काचा आठवतात. दर्यापूरच्या माझ्या दुकानातही हेच चालू आहे, सीट कव्हरपेक्षा फिल्मची विचारणा जास्त. म्हणून या अंकात सगळी पत्रं एकाच विषयाची घेतली आहेत : गाडीच्या काचेला आतून लावायची, ऊन अडवणारी प्लास्टिकची फिल्म. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या बऱ्याच जणांना तेच विचारायचं होतं.

ताई, आमच्याकडे जुनी घेतलेली छोटी गाडी आहे. घरच्यांना दर महिन्याला तपासणीसाठी अकोल्याला न्यावं लागतं, सकाळी निघतो आणि संध्याकाळी परततो. चार वर्षांची मुलगी मागे डाव्या बाजूला बसते, ती उन्हानं लालबुंद होते. शहरातल्या दुकानाचा भाव सध्या परवडत नाही. फिल्मचा रोल ऑनलाइन मिळतो. घरी लावणं जमेल का? आणि किती काळी घ्यावी?
— एक कापूस उत्पादक, तेल्हारा तालुका

भाऊ, फिल्म यायच्या आधी एक काम आजच करा. मुलीला उजव्या बाजूला बसवा. तेल्हाऱ्याहून अकोला दक्षिणेकडे, थोडं पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य तुमच्या डाव्या हाताला असतो. संध्याकाळी तोंड उत्तरेकडे होतं आणि सूर्य मावळतीला, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला. लेकरू दोन्ही वेळा उन्हाच्या बाजूला बसतं आहे.

आता फिल्म. बाजूच्या चार काचा घरी लावता येतात. हात स्थिर असला, मदतीला एक माणूस असला आणि घाई नसली, तर चांगल्या लागतात. मागची मोठी काच घरी लावायच्या भानगडीत पडू नका आणि पुढच्या काचेला तर फिल्मच नको. दोन्हींची कारणं पुढे सांगते.

'किती काळी' हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो आणि तो ऐकून मला खरंच काळजी वाटते. काळेपणा म्हणजे गारवा नाही. उन्हातली जवळजवळ निम्मी उष्णता आपल्याला दिसतच नाही, ती इन्फ्रारेड किरणांतून येते. स्वस्त काळी फिल्म नुसत्या रंगाची असते. ती दिसणारा उजेड पिऊन घेते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच ऊब आत सोडते. डोळ्याला सावली वाटते, पण कातडीला झळ लागतच राहते. वर दोन-तीन उन्हाळ्यांत तो रंग उडून जांभळा पडतो. बाजारात चांगली मिळते ती सिरॅमिक फिल्म, काही दुकानदार नॅनो सिरॅमिक म्हणतात. ती जवळजवळ पांढरी, पारदर्शक दिसते, तरी न दिसणारी उष्णता बरीच अडवते आणि अतिनील किरणं तर ९९ टक्क्यांपर्यंत थांबवते. मुलीची कातडी भाजते त्यावर औषध हे आहे. धातूचा मुलामा दिलेलीही एक जात असते, पण तिच्यामुळे मोबाइलच्या रेंजला आडकाठी होऊ शकते. गावाकडे रेंजचे हाल आधीच तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून मी ती सुचवत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. बाजार समितीच्या पटांगणात दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी कुठल्याही फिल्मनं गार राहत नाही. फिल्मचा उपयोग गाडी चालू असताना, एसी लागलेला असताना कळतो. अंगावर थेट पडणारं ऊन टोचत नाही आणि एसीला कमी झगडावं लागतं.

किती टक्क्यांची घ्यावी, याचा हिशोब कागदावर मांडा. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे, असा नियम आहे. गाडीची काच मुळातच थोडी हिरवट असते, समजा ती ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची, म्हणजे ७० टक्के उजेड सोडणारी फिल्म लावली की ७५ चे ७० टक्के म्हणजे साडेबावन्न. नियमात बसलं, तरी दंडाचा धोका का उरतो ते पुढच्या पत्रात सांगते. पण 'पन्नासची चालते ना' म्हणून ५० ची फिल्म आणली, तर ७५ चे निम्मे साडेसदतीस. ती गाडी पकडली जाणार. बरेच लोक इथेच फसतात, कारण फिल्मच्या डब्यावरचा आकडा एकट्या फिल्मचा असतो आणि नियमातला आकडा काच आणि फिल्म मिळून असतो. तुमची काच ७० सोडत असेल तर ७० ची फिल्मही ४९ वर येते. म्हणून अकोल्याला जाल तेव्हा उजेड मोजायचं मीटर असलेल्या दुकानात काच मोजून घ्या. मोजायची सोय झाली नाही, तर ७५-८० ची घ्या. सिरॅमिकमध्ये उजळ फिल्मसुद्धा आपलं काम करते.

पुढच्या काचेचा हिशोबही याच रीतीनं मांडा. तिथे ७० टक्के उजेड हवा आणि काच स्वतःच ७५ च्या आसपास असते. तिच्यावर ९० ची, म्हणजे नावापुरती फिल्म लावली तरी साडेसदुसष्ट होतात. म्हणून पुढच्या काचेला हात लावायचा नाही. मागच्या काचेलाही ७० चाच नियम आहे.

ऑनलाइन जे छोटे रोल येतात ते बहुतेक अर्धा मीटर रुंदीचे असतात. दारातली काच वर दिसते तेवढीच नसते, खाली रबराच्या आतही फिल्म जायला हवी. आधी टेप लावून मापा. मला विचाराल तर अकोला-अमरावतीच्या ठोक दुकानातून दीड मीटर पन्ह्याची फिल्म दोन मीटर कापून आणा. छोट्या गाडीच्या चार दारांना ती पुरते आणि एखादा तुकडा बिघडला तर दुसरा हाताशी राहतो. बिल जपून ठेवा.

आता पाणी. ही गोष्ट पुण्या-मुंबईचं कोणी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यांना ती भोगावी लागत नाही. आपण पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले, जमिनीखालचं पाणीच खारं. आपल्या बोअरचं पाणी कूलरला वापरलं की पंधरवड्यात जाळीवर पांढरा थर चढतो, तो घरोघरी बघतोच आपण. तेच पाणी फिल्म आणि काचेच्या मध्ये गेलं की पाणी सुकतं आणि क्षार तिथेच राहतात. मग बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि ते कशानंही पुसता येत नाहीत, कारण ते फिल्मच्या आत असतात. म्हणून या कामाला आरओच्या जारचं पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर. काच धुवायलाही शेवटचा हात त्याच पाण्याचा. लिटरभर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार-पाच थेंब, बस. शाम्पूमुळे फिल्म काचेवर सरकते आणि जागेवर बसवता येते. जास्त टाकला तर गम नीट धरत नाही. कपड्यांची पावडर किंवा लिंबाचं भांड्याचं साबण नको.

वेळ आणि जागा. नवतपा सुरू होण्याची वाट पाहत बसू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा काच इतकी तापते की पाणी हात फिरवण्याआधीच उडतं आणि फिल्म जिथे टेकली तिथेच चिकटते. आत्ता, मार्चमध्ये, सकाळी सहा-सातला सुरू करा. गाडी रात्रीपासून छपरीत किंवा रिकाम्या गोठ्यात उभी असू द्या. कामाआधी खाली आणि आजूबाजूला साध्या पाण्याचा सडा मारा म्हणजे धूळ बसते. पंखा बंद, कूलर बंद. घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीच्या तोंडाशी गाडी लावू नका, सरकीचे तंतू हवेत तरंगत असतात. शेजारी हरभऱ्याची मळणी चालू असेल तर त्या दिवशी काम काढूच नका, भुसा कुठून कुठे येतो ते कळतही नाही. अंगात स्वेटर, लोकरी शाल नको, टेरिकॉटचा शर्ट बरा. फिल्मखाली पाण्याचा बुडबुडा राहिला तर तो सुकतो, पण कचऱ्याचा कण राहिला तर तो शेवटपर्यंत राहतो.

सामान फार लागत नाही. दोन स्प्रेच्या बाटल्या, पाणी ओढायची रबराची पट्टी म्हणजे स्क्वीजी, एक कडक प्लास्टिकचा पट्टा कडांसाठी, तंतू न सोडणारं मायक्रोफायबरचं कापड, चिकटपट्टी, दाढीचं नवं ब्लेड आणि कटर. कटरला स्टेनलेस स्टीलचं पातं घाला, साध्या काळ्या पोलादापेक्षा त्यानं काचेवर ओरखडे कमी उठतात. प्रत्येक काचेला पात्याचं नवं टोक मोडून घ्या. बोथट पातं फिल्म कापत नाही, फाडतं.

आधी काच आतून धुवा. फवारा मारून ओल्या काचेवरूनच ब्लेड आडवं फिरवा, म्हणजे जुने स्टिकर, डाग, किड्यांची घाण निघते. काच अर्धी खाली करून वरची कड पुसा, कारण ती कड एरवी रबरात लपलेली असते आणि सगळी माती तिथे असते. खालच्या पट्टीत, जिला मेकॅनिक बिडिंग म्हणतात, ब्रश घालून कचरा काढा. दारावर जुना टॉवेल पसरा. काच वर-खाली करायच्या बटणांवर प्लास्टिक चिकटवा, पाणी आत गेलं तर त्या बटणांचा खर्च फिल्मपेक्षा जास्त होतो.

माप बाहेरून घ्यायचं. काचेची बाहेरची बाजू ओली करा आणि फिल्म तिच्यावर पसरा. फिल्मला पाठीवर एक पारदर्शक कागद असतो, लायनर म्हणतात. तो आपल्याकडे, म्हणजे बाहेर तोंड करून हवा. नवशिके नेमके इथे उलटी करतात. कोणती बाजू लायनरची हे कळत नसेल तर कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढा, ज्या बाजूचा पातळ कागद सुटतो ती लायनरची. खाली दीड सेंटिमीटर जास्त ठेवा, ती रबराच्या आत जाईल. दोन्ही बाजूंनी रबराच्या कडेकडेनं कापा. वरच्या कडेसाठी काच थोडी खाली घ्या आणि काचेच्या गोलाईवर पातं चालवा, पण फिल्म काचेच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत राहील अशी. अगदी कडेपर्यंत नेली तर काच वर जाताना रबर फिल्मला पकडतं आणि ती उलटायला लागते. कोपरे किंचित गोल करा.

आता आत बसा, आणि मदतीचा माणूस बाहेर नको, आतच शेजारी बसवा. हात ओले करा. काचेवर भरपूर फवारा मारा, कंजुषी नको. एकानं फिल्म धरायची, दुसऱ्यानं वरच्या अर्ध्या भागाचा लायनर सोलत सोलत गमच्या बाजूला फवारा मारत जायचं. फिल्म स्वतःवर दुमडून चिकटली तर ती गेली, म्हणून इथे एकट्यानं काम करू नका. वरची कड दोन मिलिमीटरचं अंतर राखून बसवा, बोटांनी सरकवून जागा पक्की करा. फिल्मच्या वरूनही पाणी मारा, म्हणजे स्क्वीजी अडकणार नाही. स्क्वीजी मधून कडांकडे फिरवा, हलक्या हातानं आधी, मग जोरानं. वरचा भाग धरला की काच पूर्ण वर घ्या, उरलेला लायनर सोला, पाणी मारा आणि खालची दीड सेंटिमीटरची पट्टी रिचार्ज कार्डासारख्या पातळ कडक पट्टीनं रबराच्या आत सारा. मग वरून खाली पाणी काढत या. कडांना पट्ट्यावर कापड गुंडाळून शेवटचं पाणी टिपून घ्या.

एखाद्या कडेला बोटासारखी घडी उभी राहिली तर हेअर ड्रायर फिरवा, फिल्म थोडी आकसते आणि बसते. एका जागी धरून ठेवू नका.

झालं की काचांच्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाका आणि निदान पाच दिवस काच खाली करू नका. घरच्या पोरांना तसं बजावून सांगा. ड्रायव्हरच्या दारातलं खिडक्यांचं लॉक बटण दाबून ठेवलं तर उत्तम. पहिल्यांदा मागच्या दाराची काच करा, म्हणजे हात बसेपर्यंतची कसर नजरेसमोर राहणार नाही. आणि डाव्या बाजूची करा, कारण तुमच्या रस्त्याला ऊन तिकडूनच येतं.

मी शिक्षक आहे, कामासाठी नागपूरला जावं लागतं. कोणी म्हणतं सुप्रीम कोर्टानं फिल्म कायमची बंद केली, कोणी म्हणतं केरळच्या कोर्टानं परवानगी दिली. खरं काय?
— एक वाचक, वणी

गुरुजी, दोन्ही खरं आहे आणि म्हणूनच गोंधळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०० मध्ये उजेडाचे आकडे आहेत, पुढे-मागे ७० आणि बाजूंना ५०. सुप्रीम कोर्टानं २७ एप्रिल २०१२ ला सांगितलं की हे आकडे काच कारखान्यात बनते तेव्हाचे आहेत, नंतर वरून कितीही टक्क्यांची काळी फिल्म चिकटवणं चालणार नाही. ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. दंड तर करायचाच, फिल्मही काढून टाकायची, असा आदेश होता.

नंतर नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये काचेसोबत 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला आणि त्यात काचेच्या आतल्या बाजूला लावलेली प्लास्टिकची फिल्म बसते. उजेडाचे आकडे तेच राहिले. याच बदलावर बोट ठेवून केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की आकड्यांत बसणारी फिल्म गाडीमालकानं लावली तरी दंड करता येणार नाही.

पण निकाल केरळचा आहे. आपल्या चौकातला हवालदार २०१२ च्या आदेशावर चालान करू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडलात तर १,५०० पर्यंत दंड आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, लावायची तर इतकी उजळ लावा की बाहेरून आतल्या माणसाचा चेहरा ओळखता येईल. फिल्मचं बिल आणि कंपनीचं टक्केवारीचं प्रमाणपत्र आरसीच्या सोबत ठेवा. पोलिसांकडे मीटर असेल तर आपणहून मोजायला सांगा. आणि दंडाची जोखीम अजिबात नको असेल तर लावू नका.

नियमाचा जाच वाटतो लोकांना, मला वाटत नाही. आपल्याकडे रात्री रस्त्यावर मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, बैलगाडी असते, रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळप एकदम आडवा येतो. वळणावर बाजूच्या काचेतून जे दिसायचं तेच काळ्या फिल्ममुळे दिसत नाही. ज्यांच्या घरची माणसं अशा अपघातात गेली आहेत ती माझ्या दुकानासमोरून रोज जातात. काळी फिल्म मागायला येणाऱ्याला मी परत पाठवते.

ताई, फिल्म लावून चार दिस झाले. काच धुरकट दिसून राहिली, अन् बारके बारके फोड आले. काहून झालं असं? काढून फेकू काय?
— परतवाड्याहून

काढू नको भाऊ, थांब. लावताना वापरलेलं पाणी अजून फिल्मच्या खाली आहे, तेच धुरकट दिसतं. ते फिल्ममधूनच हळूहळू बाहेर पडतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात आठवड्यात साफ होतं, पण थंडीत किंवा पावसाळी हवेत महिनाभरही लागतो आणि तुमच्याकडे मेळघाटाच्या पायथ्याला सकाळ गारच असते. गाडी रोज काही वेळ उन्हात उभी कर, काचा बंद ठेवून. फोड नखानं दाबू नको, सुई तर मुळीच टोचू नको.

ओळखायचं असं : फोडाला बोटानं हलकं दाबल्यावर तो सरकला तर पाणी आहे, जाईल. टोकदार आणि कडक लागला तर आत कण आहे, तो राहील. हवेचा मोठा फुगा, नाण्याएवढा, राहिला असेल तर त्यावर पाणी मारून, हेअर ड्रायरनं कोमट करून जवळच्या कडेकडे स्क्वीजीनं काढ. एक महिन्यानंतरही आख्खी काच दुधाळ दिसली तर मात्र पाणी खारं होतं किंवा गम खराब होता, तेव्हा बदलण्यावाचून इलाज नाही.

आणि या काचेला अमोनिया असलेलं काच पुसायचं निळं पाणी लावू नको. साधं पाणी आणि मऊ कापड पुरे.

जुनी मोठी गाडी घेतली, तिच्या सगळ्या काचांना आधीच्या मालकानं गडद काळी फिल्म लावलेली आहे. आरटीओत पासिंगला न्यायची आहे. कशी काढू? मागच्या काचेत तारा आहेत.
— उमरखेड तालुका

बाजूच्या काचांचं सोपं आहे. तुमच्याकडचं ऊनच तुमचं हत्यार. दुपारी गाडी तासभर उन्हात बंद उभी ठेवा, फिल्म आणि गम दोन्ही नरम पडतात. मग वरचा एक कोपरा नखानं किंवा ब्लेडनं उचला आणि काचेलगत, अगदी सावकाश, खाली ओढत या. झटका दिला की फिल्म निघते आणि गम काचेवर राहतो. राहिलाच तर शाम्पूचं पाणी मारून पाच मिनिटं भिजू द्या आणि ओल्यानंच ब्लेडनं खरवडा.

मागच्या काचेवर ब्लेड लावायचं नाही. त्या बारीक तारा म्हणजे डिफॉगर, काचेच्या आतल्या पृष्ठभागावर छापलेल्या असतात, आत गाडलेल्या नसतात. ब्लेडनं एक रेघ तुटली की पावसाळ्यात तेवढ्या पट्ट्यातली वाफ जात नाही. तिथे असं करा. फिल्मच्या मापाची काळी कचऱ्याची पिशवी कापून बाहेरच्या बाजूला शाम्पूच्या पाण्यानं चिकटवा. आतून फिल्मवर पाणी मारून दुसरी पिशवी चिकटवा. गाडी दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. काळ्या प्लास्टिकमुळे काच तापते, आत वाफ धरते आणि गम सुटतो. फिल्म आडवी, म्हणजे तारांच्या दिशेनं ओढा, उभी नको. उरलेला गम मऊ स्पंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, तेही तारांच्या दिशेनंच. मेडिकलमध्ये मिळतं. दारं उघडी ठेवून काम करा, जवळ बिडी-काडी नको.

मागच्या काचेला नवी फिल्म घरी लावू नका, असं वर म्हटलं, त्याचं कारणही देते. ती काच दोन्ही दिशांनी वाकलेली असते, सपाट फिल्म तिच्यावर बसत नाही. आधी बाहेरून काचेवर टाकून हीट गननं आकसून तिला काचेचा आकार द्यावा लागतो. फिल्म एकाच दिशेनं नीट आकसते, ती दिशा ओळखावी लागते. जास्त तापली तर फिल्म सुरकुतते, आणि एकाच जागी आच लागली तर काचसुद्धा तडकते. तेवढ्या एका काचेचे पैसे कारागिराला द्या.

लहान बाळ आहे. माहेरी जाताना बाळाला दूध पाजायचं असतं म्हणून काचांना जाळीचे काळे पडदे लावले तर चालतात का? फिल्म तर नाही ना ती.
— आर्वीहून एक आई

माय, तुझी अडचण मला कळते. पण २०१२ च्या आदेशात फिल्मसोबत 'इतर कोणतंही साहित्य' असंही म्हटलेलं आहे, त्यामुळे चालत्या गाडीत काचेवर चिकटणारी जाळी सापडली तर दंड होऊ शकतो. दूध पाजायचं तेव्हा गाडी झाडाखाली थांबवून जाळी लाव, झालं की काढून ठेव. ओढणी तर असतेच जवळ. पुढच्या काचेला चंदेरी घडीचा पडदा गाडी उभी असताना जरूर लाव, त्यानं स्टिअरिंग आणि बाळाची सीट तापत नाही.

आणि फिल्म असो, पडदा असो, बाळाला बंद गाडीत ठेवून दोन मिनिटांसाठीही दुकानात जाऊ नकोस. आपल्या उन्हात बंद गाडीतली हवा मिनिटांत तापते.

मी बारावी झालो आहे. फिल्म लावण्याचं काम शिकून तालुक्याला धंदा करायचा विचार आहे. शिकायला कुठून सुरुवात करू?
— पुसदहून एक मुलगा

भंगारवाल्याकडून काच शाबूत असलेलं गाडीचं एक जुनं दार घे. ते घराच्या मागे विटांवर उभं कर आणि स्वस्तातली फिल्म आणून त्याच काचेवर लाव, काढ, पुन्हा लाव. गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात बसवायचा नाही. आधी फक्त काच धुणं शीक, कारण फिल्मचं निम्मं काम तेच आहे. मग कापणं, मग लावणं. मागच्या वाकलेल्या काचेचं शेवटी. तिला काच कोरडी ठेवून टाल्कम पावडर भुरभुरून फिल्म आकसायची एक पद्धत आहे, ती बघून येत नाही, हाताखालीच येते, म्हणून अमरावती किंवा नागपूरच्या एखाद्या कारागिराकडे काही महिने हाताखाली राहा. पगार कमी देतील, तरी राहा.

उजेड मोजायचं मीटर पहिल्या कमाईतून घे, हीट गनच्याही आधी. फिल्म लावण्याआधी काच मोजून गिऱ्हाइकाला आकडा दाखव, लावल्यावर पुन्हा मोजून बिलावर लिहून दे. पुसदला कोणी गडद काळी मागायला आला तर त्याला हे मीटर दाखव आणि उजळ सिरॅमिकचा तुकडा त्याच्या हातावर उन्हात धर. झळ कमी लागते ते त्याला तिथल्या तिथे कळतं.